पोरवयातलं मन, पन्नाशीतलं काळीज आणि एक फिरता मेसेज

गेल्या महिन्यात पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दुसऱ्या दिवशी तोच भावकीच्या ग्रुपवर, तिसऱ्या दिवशी आमच्या कॉलनीच्या. मजकूर थोडक्यात असा: ‘आजकालच्या पोरांना टेन्शन येतं म्हणे! हार्ट अटॅक हा पन्नाशीचा आजार, तेलातुपाचा आजार. पोरवयातल्या रुसव्याफुगव्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. आमच्या पिढीनं दुष्काळ काढले, मार खाल्ला, कुणाला डिप्रेशन आलं नाही. धाकात वाढलेल्या लेकराचं काळीज दगडाचं होतं. मैदानावर पळवा, मन आपोआप ताळ्यावर येतं. समुपदेशन म्हणजे शहरी चोचले.’ खाली हात जोडलेले, आणि पुढं पाठवायची विनंती.

मी लातुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. हृदयाच्या धड्यावर माझं घर चालतं, त्यामुळं गप्प बसवलं नाही.

‘हार्ट अटॅक हा पन्नाशीचा आजार.’ अटॅक पन्नाशीत येतो, आजार नाही. लातूरच्या माणसाला हे सांगायला धमनीचं चित्रही काढावं लागत नाही. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्या घरात नळ एका सकाळी बंद पडतो, पण क्षार बसायला दहा वर्षं लागलेली असतात. १९५३ साली अमेरिकी डॉक्टरांनी कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष छापले. सरासरी वय २२, अंगानं धडधाकट गडी. त्यातल्या ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा डोळ्यांना दिसत होत्या. पुढं लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावच्या अभ्यासात तर २ ते १५ वयात दगावलेल्या, शवविच्छेदन झालेल्या मुलांपैकी निम्म्यांच्या हृदयधमन्यांत चरबीचे पट्टे सापडले. तो अहवाल १९९८ चा. आणि ‘पन्नाशी’ म्हणायचंच, तर आपल्याकडं ती लवकर गाठते. अनेक देशांत मिळून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी आला, बाकीच्या देशांत ५८-५९ व्या.

‘रुसव्याफुगव्यांचा काडीचा संबंध नाही.’ इथं मला जरा थांबावं लागेल, कारण चूक आमच्या शिकवण्यातही आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात धमनीकाठिण्य एका धड्यात येतं: कॅल्शियम, चरबी, कोलेस्टेरॉल, तंतुमय ऊतक साठतं आणि धमनी अरुंद होते. ॲड्रिनल ग्रंथी येते दुसऱ्याच धड्यात: भीती वाटली की ॲड्रिनलिन सुटतं, हृदयाचे ठोके वाढतात. त्याच ग्रंथीतून सुटणाऱ्या कॉर्टिसॉलबद्दल तर तिथंच लिहिलंय की ते हृदय-रक्तवाहिन्यांचं काम सांभाळायला मदत करतं. दोन्ही धडे पोरं तोंडपाठ करतात, नीटला त्यावर मार्क मिळवतात, पण दोन्हींच्या मधली वाट कुणी दाखवत नाही. मेसेज नेमका त्या फटीत बसतो.

वाट अशी आहे. धोका टळला की ठोके खाली यायला हवेत. महिनोन्‌महिने ते खाली येतच नसतील, तर रक्तदाब, साखर, झोप, रक्तवाहिनीच्या आतलं नाजूक अस्तर, सगळ्यांवर थोडा थोडा भार पडत राहतो. शिवाय मन ठिकाणावर नसलेलं पोरगं जे करतं ते वेगळंच: जागरण, कसंही खाणं, तंबाखू. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; ट्यूशन एरियातल्या टपऱ्यांना ती कितपत माहीत आहे हे मी सांगायला नको.

पुरावा आहे का? स्वीडनमध्ये लष्करी भरतीच्या वेळी १८ ते २० वयाच्या ४९,३२१ तरुणांची तपासणी झाली होती, मनाचीही. पुढची ३७ वर्षं त्यांची नोंद ठेवली. भरतीच्या वेळी ज्यांना चिंता-विकार होता त्यांच्यात हृदयविकाराचा धोका दुपटीहून जास्त निघाला. त्याच अभ्यासात नैराश्याचा तसा संबंध मात्र दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. आपल्या सोयीचं तेवढं उचलायचं ते काम मेसेजवाल्यांचं. नैराश्याबद्दलचे इतर पुरावे एकत्र पाहून अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१५ साली असं मांडलं की किशोरवयातलं तीव्र नैराश्य आणि द्विध्रुवी विकार (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची उदासी) हे धमन्या लवकर खराब होण्याचे मध्यम जोखमीचे घटक धरावेत. ही सगळी वर्षानुवर्षांच्या निरीक्षणांतून दिसलेली जोखीम आहे. मार्क कमी पडले म्हणून रडलेल्या पोरीला चाळिशीत झटका येणार, असं कुणी म्हणालं तर त्यालाही मी हेच उत्तर देईन की तसं नसतं. आणि तेल, तूप, तंबाखू, साखर यांचा दोष कमी होत नाही. त्या यादीत एक नाव वाढतं, एवढंच.

‘आमच्या पिढीनं दुष्काळ काढले, कुणाला डिप्रेशन आलं नाही.’ या वाक्याचा मला खरा राग आला. २०१५ साली राज्य सरकारला शेतकऱ्यांच्या मानसिक आधारासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ काढावा लागला. जिल्हे निवडले १४, त्यात मराठवाड्याचे आठच्या आठ. कुणाला काही झालंच नव्हतं, तर आशाताई घरोघरी जाऊन काय विचारत होत्या? ज्यांना सोसलं नाही ते आज ग्रुपवर मेसेज पाठवायला नाहीत. आणि जे आहेत, त्यांच्यापैकी किती जण बीपीची गोळी घेऊनच मेसेज टाइप करतात, तेही बघा एकदा. आताच्या पोरांचं म्हणाल, तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या पाहणीत १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. पण मांजरा-तेरणेचं पाणी पिऊन आपली पोरं वेगळ्या मातीची होत असतील, असं मला वाटत नाही.

‘मैदानावर पळवा.’ पळवा की, जरूर पळवा. पण याचंही उत्तर स्वीडनमध्येच मिळतं. १९५२ ते ५६ दरम्यान जन्मलेल्या २,३७,९८० पुरुषांच्या अभ्यासात, भरतीच्या वेळी ज्यांची ताण पेलायची ताकद कमी होती, त्यांना पुढं हृदयविकाराचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त होता, आणि हा आकडा शारीरिक क्षमता वगैरे हिशेबात धरून आलेला. वर त्यांना तंदुरुस्तीचा जो फायदा मिळायला हवा होता, तोही नीट मिळाला नाही.

राहिलं दगडाचं काळीज. नाडी मोजायच्या प्रॅक्टिकलला मी पोरांच्या जोड्या लावतो. यंदा बीड जिल्ह्यातला एक मुलगा हात मागं घेऊन बसला. ‘सर, माझी नका मोजू, ती तसलीच ऱ्हाती.’ मोजली. ११२, बसल्या जागी. ‘कवापासून धडधड करायलंय?’ म्हणलं. ‘दिवाळीपासून.’ दिवाळीनंतर त्याचे आईवडील कोयता घेऊन कारखान्याला गेले होते, उचल आधीच घेतलेली. घरी आजी आणि धाकटी बहीण, हा इथं खोली करून, मेसचा डबा खाऊन. झोप चार तास, झोप उडवायला तंबाखू. सरकारी दवाखान्यात दाखवलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी सगळं ठीक. ११२ नाडी म्हणजे हृदयविकार नव्हे. पण या पोरावर धाकाची काय कमतरता होती? मेसेजच्या हिशेबानं त्याचं काळीज एव्हाना ग्रॅनाइटचं व्हायला हवं होतं.

कणखरपणा कशानं येतो, हेही तपासलं गेलंय. अमेरिकेत ३,४७८ किशोरवयीन मुलांचा दोन दशकांहून जास्त काळ मागोवा घेतला. पाच गोष्टी पाहिल्या: आशा, आनंद, स्वतःबद्दल आदर, आपण कुणाचे तरी आहोत ही भावना, आणि आपल्यावर कुणाची माया आहे याची खात्री. यातल्या चार-पाच ज्यांच्यापाशी होत्या, त्यांचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल पुढं तिशीतही चांगलं राहायची शक्यता ६९ टक्क्यांनी जास्त निघाली. यातली एकही गोष्ट धाकानं येत नाही. एकही शहरी नाही, आणि महागही नाही.

‘चोचले’ म्हणून हिणवलेल्या समुपदेशनाबद्दल दोनच ओळी. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यात ‘मैत्री’ क्लिनिक असतं. केसपेपर काढताना ‘मैत्री’ कुठं बसते असं विचारायचं.

त्या मुलाच्या वडिलांशी मी फोनवर बोललो. रात्रीचे साडेनऊ, मागं ट्रॅक्टरचा आवाज, गाडी भरायची चाललेली. त्यांना वाटलं फी राहिली. नाही म्हणलं, पोराला रोज फोन करा, पाच मिनिटं, मार्क सोडून बोला. ‘मार्क सोडून काय बोलू, सर?’ त्यांनी खरंच विचारलं. मी म्हणलं, ऊस कसा लागलाय ते सांगा.

आता फोन येतो म्हणे रोज. परवा पुन्हा मोजली, ८८ भरली. एका पोराची एका दिवसाची नाडी, तिचा पुरावा होत नाही, म्हणून ग्रुपवरच्या उत्तरात मी ती घातली नाही.