सहाशे किलोच का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार दादा,

इतक्या तळमळीने लिहिलंत, तर उत्तरही ऐसपैस देते. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. निवृत्तीनंतर कोकणात गाडीमागे ओढून न्यायला कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेला ट्रेलर, घ्यायचा असेल तर रिकामं वजन सहाशे किलोच्या आत ठेवा, असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते हा निव्वळ भित्रेपणा. इसुझूच्या डी-मॅक्ससारखी पिकअप गाडी साडेतीन टन ओढते, मग साठीनंतर माणसाने खुराड्यात का झोपायचं? आत उभं राहता येईल, संडास असेल असा तेराशे किलोचा का घेऊ नये? आणि शेवटी, "ताई, ओढण्याचं गणित जरा मिस्टरांना विचारा."

आमचे मिस्टर स्टिअरिंगला हात लावत नाहीत. त्यांच्याकडे स्वयंपाक आणि नकाशा. त्यामुळे गणित माझ्याकडूनच ऐकून घ्यावं लागेल.

साडेतीन टनांचा आकडा ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या ३.० लिटरच्या डी-मॅक्सचा आहे, आणि तोही ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तरच. बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी त्याच गाडीची मर्यादा ७५० किलो. आपल्याकडे ती १.९ लिटर इंजिनात मिळते. शिवाय इथल्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलरचा आकडाच नसतो, काहींत तर ओढूच नका असं लिहिलेलं असतं. अशा वेळी परदेशातला आकडा उसना आणू नये. उद्या विम्याचा प्रश्न आला तर तो आकडा दाखवून भागत नाही.

पण समजा गाडीने ओढला. ओढणं हे निम्मंच काम. तुम्ही घाटावरून येणार, म्हणजे कुंभार्ली घाट म्हणा, आंबा घाट म्हणा, उतरावं लागणारच. बारा मीटरला एक मीटर उतार धरा. तेराशे किलोचा कॅम्पर सामानसुमानासह दीड टनाचा होतो आणि त्या उतारावर तो गाडीला मागून सव्वाशे किलोच्या जोराने ढकलत राहतो. सहाशेचा कॅम्पर भरून साडेसातशे किलोचा झाला तर हाच जोर साठ-बासष्ट किलो. वळणावर हा धक्का सरळ रेषेत लागत नाही, गाडीच्या शेपटीला बाजूला लोटतो. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर इंजिन बराच भार घेतं, पण सारखा ब्रेकवर पाय ठेवणाऱ्याचे ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक नेमका शेवटच्या वळणांवर ढिला पडतो. ब्रिटनमध्ये नवख्यांना सांगतात की कॅराव्हॅनचं भरलेलं वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. आपल्या घाटांसाठी मी त्याहून बरंच खाली राहते. याला भित्रेपणा म्हणायचं तर म्हणा.

सामानसुमान म्हणजे काय ते एकदा मोजून बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे साठ लिटरची टाकी भरली की साठ किलो आलेच. घरातला १४.२ किलोचा गॅस सिलिंडर लोखंडासह तीस किलोच्या घरात जातो, म्हणून पाच किलोचा छोटा घ्यायचा. इन्व्हर्टरची जाडजूड ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते. तेवढंच काम करणारी लिथियम महाग आहे खरी, पण वजनाने कितीतरी हलकी. गाद्या, खुर्च्या, ताडपत्री, भांडी धरून दीडशे किलो कुठे गेले कळतही नाही. सहाशेचा साडेसातशे होतो तो असा. माहितीपत्रकातल्या वजनावर मात्र विश्वास ठेवू नका. चिऱ्याचे ट्रक जिथे वजन करतात त्या काट्यावर कॅम्पर भरून उभा करा आणि पावती घ्या.

सामान कुठे ठेवलंय यालाही तितकंच महत्त्व आहे. हुकावर येणारा भार युरोपात एकूण वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के ठेवतात, अमेरिकेत १० ते १५. पाण्याची टाकी आणि बॅटरी मागे टाकली की हा भार कमी होतो, आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. घरातला वजनकाटा हुकाखाली ठेवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता माझं खरं कारण. कॅम्पर गाडीला जोडलेला असतो तेव्हा वजन गाडीचं असतं, हूक सुटला की ते तुमचं. कोकणातल्या वाडीत शिरताना दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट, पुढे वळायला जागा नाही. अशा ठिकाणी कॅम्पर सोडून हातानेच फिरवावा लागतो. कडक जमिनीवर सहाशे किलो लोटायला दहा-पंधरा किलोचा जोर पुरतो, ते दोन म्हाताऱ्यांना जमतं. जरासा चढ लागला की तीस किलो वाढतात. भुसभुशीत मातीत किंवा पुळणीवर तर विसराच, तिथे गाडीही नेऊ नये. तेराशे किलोचा असेल तर हे सगळे आकडे दुपटीच्या वर. मग शेजारच्या चार पोरांना हाका मारा, आणि गावात पोरं उरलीत कुठे?

फेरीबोटीचंही तेच. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला या तिन्ही ठिकाणी गाडी चढते, पण भरती-ओहोटीप्रमाणे रॅम्पचा कोन बदलतो आणि लांब कॅम्परचा मागचा भाग घासतो. कधी गाडी रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात. स्वस्त ओव्हररन ब्रेक, म्हणजे ट्रेलर गाडीवर रेलला की त्या दाबाने लागणारा ब्रेक, असलेला ट्रेलर मागे घेताना हूक दाबला जातो आणि ब्रेक आपोआप लागतात, ट्रेलर जागचा हलत नाही. विकत घेताना ऑटो-रिव्हर्सची, म्हणजे मागे जाताना हे ब्रेक लागू न देणारी, सोय आहे का हे विचाराच. आणि चाकं खाऱ्या पाण्यात बुडू देऊ नका, बेअरिंगची वाट लागते.

तुमचा संडासाचा मुद्दा मात्र रास्त आहे. रात्री उठावं लागतं, हे आमच्या वयाच्या कुणाला सांगायला नको. पण आतला कॅसेट संडास भरला की वीस किलोची टाकी उचलून नेणार कोण, आणि ओतणार कुठे? परदेशातल्या कॅम्पसाइटवर त्यासाठी ठरलेली जागा असते, आपल्या किनाऱ्यावर ती सहसा मिळत नाही. आम्ही घरगुती राहण्याची सोय असलेल्या कुणाच्या तरी अंगणात थांबतो, पैसे देऊन त्यांचं न्हाणीघर वापरतो. मग खोलीच का घेत नाही? कारण आमचा कुत्रा खोलीत चालत नाही आणि माझ्या पाठीला परकी गादी चालत नाही. पैसे वाचतात असा माझा दावा नाही. वाचत नाहीत.

उभं राहण्यापेक्षा मी पलंगाची उंची बघते. गादी गुडघ्याच्या उंचीवर, दार बाजूला, म्हणजे काठावर बसून पाय आत घेता आले पाहिजेत. मागून रांगत शिरायचं मॉडेल कितीही देखणं असलं तरी नको. वर उचलायचं कापडी छप्पर डोक्याला जागा देतं, पण आपल्या हवेत त्याला बुरशी धरते.

हवेवरून आठवलं, प्लायवूडचा सांगाडा घेऊच नका. इथे वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस आणि वर खारा वारा. मच्छीमारांनी लाकडी होड्या सोडून फायबरच्या उगाच घेतल्या नाहीत. कॅम्परलाही फायबरचं अंग, खाली नुसता रंग दिलेली नव्हे तर गरम झिंकमध्ये बुडवलेली चेसिस. ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्टीलचे स्क्रू थेट बसवले असतील तर मिठाच्या ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी पूड दिसायला लागते. हर्णै किंवा दाभोळच्या बंदरावर फायबर दुरुस्त करणाऱ्याला विचारा, तो विक्रेत्यापेक्षा जास्त सांगेल. जून ते सप्टेंबर आमचा कॅम्पर छपराखालीच असतो. घाटात दरडी कोसळत असताना मागे ट्रेलर घेऊन निघायची हौस मला नाही.

राहिला तुम्ही बघून ठेवलेला तेराशे किलोचा सेकंडहँड. ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र असते, ती कागदपत्रं आधी मागा. कागद नीट असतील तर पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर हूक सोडा, पुढचं जॉकी व्हील, म्हणजे हुकाजवळचं छोटं टेकूचं चाक, टेकवा, आणि एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला वहिनी, असे दोघं मिळून कॅम्परचं तोंड उलट दिशेला फिरवून दाखवा. फिरला तर खुशाल घ्या, मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही.