वडिलार्जित घर कसे घालवावे

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या आमच्या मातीच्या घराची डागडुजी यंदा एका ठेकेदाराकडे सोपवली होती. चुन्याचाच गिलावा हवा, असे बजावूनही त्याने आमच्या माघारी दर्शनी भिंतीवर सिमेंट थापले आणि ‘आता शंभर वर्षे बघायला नको’ अशी ग्वाही दिली. श्रावणात भिंतीला पोपडे धरले. ज्यांना आपलेही घर याच वेगाने घालवायचे आहे, त्यांच्या सोयीसाठी काही सूचना.

भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडणार नाही, याची दक्षता घ्यावी. माती आणि चिरा, म्हणजे जांभा दगड, दोन्ही पाणी पितात. चुना ते सोडतो, सिमेंट कोंडून ठेवते, म्हणून सिमेंटच वापरावे. याउलट नवे घर बांधताना ‘जुना लूक’ हवा म्हणून चिरा उघडा ठेवावा. जुन्या गोव्यातल्या बॉम जेजस बासिलिकेचा गिलावा १९५०च्या दशकात असाच उतरवला गेला आणि तेव्हापासून तिचा चिरा दर पावसाळ्यात झिजतो आहे. आपण त्यातून प्रेरणा घ्यावी.

अंगणात पेव्हर बसवावेत.

शिंपल्यांची तावदाने भंगाराच्या भावाने विकावीत आणि पुढे तीच एखाद्या हॉटेलात दिसली की नातवंडांना कौतुकाने दाखवावीत.

पाडलेल्या भिंतीचे चिरे पुन्हा वापरता येतात, म्हणून ते भरावात टाकावेत. नवे काढायला डोंगर आहेतच. शिवाय उघड्या टाकलेल्या चिरेखाणीत पाणी साठून पोरांना बुडायला जागा होते.

कौले परतायला माणूस मिळत नाही, असे सांगत स्लॅब घालावा आणि तो गळू लागला की वर पत्रा चढवावा. माणूस मिळत नाही, हे तर आपण सगळेच म्हणतो! तो मिळेल कसा? चुना भिजवून, मळून, भिंतीवर थर देऊन तो सुकेपर्यंत थांबणाऱ्या गवंड्याशी आपण एका दिवसाच्या मजुरीवरून हुज्जत घातली, टाइल्सच्या दुकानात मात्र सांगितली ती किंमत मुकाट्याने मोजली, आणि त्याच्या मुलाने पणजीत नोकरी धरली तेव्हा ‘परंपरा बुडाली’ म्हणून वातानुकूलित सभागृहात गळा काढला. परंपरा बुडवली कोणी? ठेकेदार दोषी आहेच, पण त्याला सिमेंटची सवय लावणारे आपणच आहोत. येत्या मे महिन्यात कौले परतायला कोणी आलाच, तर त्याच्याशी घासाघीस करू नका. हाताखाली शिकायला एखादा तरुण आणायला सांगा आणि त्यालाही पुरी मजुरी द्या.