शिक्षा संपली हे कुणी लिहून देईल का?

मध्यंतरी आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुरळा उडाला होता. आईबाबा तिथे राहतात, फ्लॅट माझ्या नावावर, म्हणून इंग्लंडमध्ये राहून मी पण ग्रुपवर. विषय काय, तर नवीन सिक्युरिटी एजन्सीने पोलीस व्हेरिफिकेशन केलं आणि रात्रपाळीच्या वॉचमन काकांच्या नावावर जुनी मारामारीची केस निघाली. गावाकडची, शेताच्या बांधावरून झालेली, आणि त्यात ते निर्दोष सुटले पण होते. तरी काढलं. मग मेसेजवर मेसेज, रिस्क कशाला घ्यायची, आमच्या पोरी रात्री उशिरा ऑफिसातून येतात, वगैरे. एक काका म्हणाले, इथे एमपीएससी करता करता पोरांची तिशी उलटली, त्यांना नोकरी नाही आणि आपण केसवाल्यांचे लाड करायचे का? त्या मेसेजला सगळ्यात जास्त अंगठे. मी एक ओळ टाकली की इंग्लंडमध्ये निर्दोष सुटलेल्या माणसाला असं सहजासहजी काढता आलं नसतं, तर लगेच उत्तर आलं, "तुमचं तिकडचं तिकडेच ठेवा."

ठेवलं असतं, पण तिकडचं नक्की काय आहे हे ना त्यांना माहितीये ना इथल्या बऱ्याच मराठी मंडळींना, आणि ते वाटतं तेवढं गोडगोड पण नाहीये.

मी नॉर्थॅम्प्टनच्या बाजूला एका मोठ्या गोदामात शिफ्ट मॅनेजर आहे. आमच्याकडे माणसं टिकत नाहीत, त्यामुळे तुरुंगातून सुटलेली माणसं घ्यायची की नाही हा आमच्यासाठी तत्त्वाचा प्रश्न कधी नव्हताच, सोमवारी सकाळी डॉकवर ट्रक उभे असतात आणि फोर्कलिफ्टवर कुणीतरी बसायला लागतं, एवढंच. असाच एकजण आला. चाळिशीतला, आत असतानाच रीच ट्रकचं लायसन्स काढलेलं, हात इतका साफ की वरच्या रॅकमधून पॅलेट काढताना बघत बसावं. घेतलं. मला वाटलं झालं काम.

पण खरी मारामार नोकरी लागल्यावर सुरू होते. त्याच्या पायाला टॅग होता, म्हणजे शिक्षेचा शेवटचा काळ घरी काढायचा पण संध्याकाळी सात ते सकाळी सात घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आमची पहिली शिफ्ट सहाला सुरू, दुसरी दहाला संपते. म्हणजे दोन्ही गेल्या. मग त्याच्यासाठी आठ ते चारची अधलीमधली शिफ्ट बसवली, त्यावर बाकीच्यांची कुरकुर, याला का स्पेशल. आठवड्यात एक दिवस भर दुपारी प्रोबेशन ऑफिसरला, म्हणजे सुटलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, भेटायचं, चुकवलं तर परत आत, आणि ते ऑफिस दोन बस बदलून. पगार महिनाअखेरीला बँकेत, आणि ह्याच्याकडे बँक अकाउंटच नाही कारण पत्त्याचा पुरावा नाही, पत्त्याचा पुरावा नाही कारण भाड्याचं घर नाही, आणि घर नाही कारण पगाराची स्लिप नाही. मी आणि आमची एचआरवाली, आम्ही दोघं पत्रं टाईप करत बसायचो. सेफ्टी शूज सुद्धा पहिल्या पगारातून कापायचे ठरलेले, ते पुढे ढकलले. यातलं काहीच मोठं नाही, पण यातली कुठलीही एक गोष्ट अडली असती तर दुसऱ्या आठवड्यात माणूस गायब झाला असता आणि सगळे म्हणाले असते, बघा, ही माणसं सुधारतच नाहीत.

इथला अनुभव पण तेच सांगतो. वर्षाच्या आतली शिक्षा भोगून सुटलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक वर्षभरात पुन्हा गुन्ह्यात सापडतात. शुक्रवारी सुटका झाली की शनिवार-रविवार सगळी ऑफिसं बंद, ना राहायची सोय ना औषधं, आणि सोमवारपर्यंत माणूस जुन्या मित्रांकडे पोचलेला असतो. यावर शेवटी २०२३ मध्ये कायदाच केला, की सुटका शुक्रवारी किंवा सुट्टीच्या तोंडावर येत असेल तर एकदोन दिवस आधी सोडता येईल. वाचायला किती किरकोळ वाटतं.

आता जे मला खरंच आपल्याकडे हवंय ते. इथे १९७४ चा एक कायदा आहे, गुन्हेगारांच्या पुनर्वसनाचा. शिक्षा भोगून ठरलेला काळ सरळ गेला की बहुतेक नोकऱ्यांसाठी तो गुन्हा जुना झाला, फॉर्मवर विचारलं तर "नाही" लिहायचा कायदेशीर हक्क. ऑक्टोबर २०२३ पासून हा काळ अजून कमी केला, वर्षापर्यंतची शिक्षा असेल तर ती संपल्यावर एक वर्ष, एक ते चार वर्षांच्या शिक्षेला चार वर्षं, त्यापुढे सात. लैंगिक, हिंसक आणि दहशतवादाचे काही गंभीर गुन्हे चार वर्षांच्या पुढच्या शिक्षेचे असतील तर ते कधीच जुने होत नाहीत. शाळेत, हॉस्पिटलात, म्हाताऱ्यांची काळजी घ्यायच्या कामात वेगळी खोल तपासणी होते, आणि मुलांजवळ फिरकूच द्यायचं नाही अशांची स्वतंत्र यादी असते. ते बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गोदामात, दुकानात, ऑफिसात मागतात ती साधी तपासणी. तिच्या कागदावर जुना झालेला गुन्हा येतच नाही, तिथे छापून येतं "नन रेकॉर्डेड", म्हणजे काहीच नोंद नाही. आमच्या त्या गड्याला तो कागद ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी तो कदाचित आमची नोकरी सोडून चांगल्या पगाराची बघेल, आणि बघावीच.

आणि टिम्पसनचं तर इथल्या प्रत्येकाला माहिती, किल्ल्या बनवणारी आणि बूट दुरुस्त करणारी ती सुपरमार्केटबाहेरची छोटी दुकानं. त्यांच्या दहातला साधारण एक कामगार तुरुंगातून आलेला, आणि त्या कंपनीचे प्रमुख जेम्स टिम्पसन जुलै २०२४ मध्ये थेट तुरुंगमंत्री झाले. हे कौतुकाचं आहेच, पण प्रत्येक कॉन्फरन्समध्ये तेच एक उदाहरण निघतं यावरून बाकीच्यांनी किती दिवे लावलेत ते समजून घ्या. त्याच वर्षी सप्टेंबरात तुरुंग भरले म्हणून सरकारने काही लोकांना शिक्षेच्या चाळीस टक्क्यांवर सोडलं तेव्हा तुरुंगाबाहेर शॅम्पेन उडवणाऱ्यांचे फोटो सगळ्या पेपरात, आणि खालच्या कॉमेंट वाचल्या तर आमचा सोसायटीचा ग्रुपच इंग्रजीत बोलतोय असं वाटावं. वर आम्हा बाहेरून आलेल्यांना हा विसरण्याचा कायदा लागू नाही. व्हिसा आणि नागरिकत्वाच्या अर्जात कितीही जुनी शिक्षा असो, सांगावी लागते. आणि वर्षभराची किंवा जास्त शिक्षा झालेल्या परदेशी माणसाला परत पाठवणं हाच इथला सर्वसाधारण नियम. म्हणजे गोऱ्या शेजाऱ्याचं जुनं होतं, माझं नाही. तेव्हा इंग्लंडची आरती मी ओवाळत नाहीये.

पण आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे मुळात आरोप आणि गुन्हा यातच फरक करत नाहीत. एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या तुरुंगात दर चार जणांमागे तीन न्यायबंदी, म्हणजे कच्चे कैदी, खटला चालू असलेले किंवा सुरू पण न झालेले. यातले कितीतरी उद्या निर्दोष सुटणार. पण चारित्र्य पडताळणीचा दाखला काढायला गेलं की बऱ्याचदा "गुन्हा दाखल आहे" एवढंच पुढे येतं नाहीतर दाखला लटकतो, आणि निकाल काय लागला ते सांगत तुम्ही फिरायचं. सरकारी नोकरीबाबत सुप्रीम कोर्टाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सांगितलं की तरुणपणी घोषणा दिल्यासारखी किरकोळ केस लपवली असेल तर नेमणूक करणाऱ्याने सोडून द्यायचा विचार करावा, पण त्याच निकालात हेही आहे की माणसाने सगळं खरं सांगितलं आणि केस संपलेली असली तरी त्याला घ्यायचं की नाही हे मालकाच्याच हातात. म्हणजे गुन्हा कधी जुना झाला म्हणायचा, ती तारीख कुठेच नाही. अल्पवयीन मुलांसाठी आहे, २०१५ च्या कायद्यात रेकॉर्ड नष्ट करायची तरतूद आहे. आणि गंमत म्हणजे पुढाऱ्यांसाठी पण आहे! दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर सुटल्यावर सहा वर्षं निवडणूक बंद, सातव्या वर्षी तुम्ही परत उभे राहायला मोकळे. नुसती केस चालू असेल तर तेवढं पण नाही. निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या एडीआर या संस्थेने मोजलं तेव्हा २०२४ ला निवडून आलेल्या ५४३ खासदारांपैकी २५१ जणांनी स्वतःच प्रतिज्ञापत्रात केसेस लिहून दिल्या होत्या. ते चालतात, गेट उघडणारा चालत नाही.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र इंग्लंडपेक्षा बरी होती, ती म्हणजे ओळख. गावात कुणी कागद मागत नाही. भांडण का झालं, चूक कुणाची, नंतर हा कसा वागला, हे सगळं लोकांना माहीत असतं, आणि मामा, चुलता कुणीतरी शब्द टाकून गॅरेजवर नाहीतर टेम्पोवर चिकटवून देतो. पण आता कामं ॲपवर गेली. डिलिव्हरी असो की कॅब, बॅकग्राउंड चेक करणाऱ्या कंपन्या आल्या, ई-कोर्ट्सच्या साइटवर नाव टाकलं की केस दिसते, आणि आपल्याकडे एका तालुक्यात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दहा जण सहज निघतात. कोण कुणाचं भोगतंय देव जाणे. म्हणजे ओळखीचा आधार गेला, आणि कागदाच्या जगात माणसाला मिळायला हवं ते संरक्षण आलंच नाही.

आणि पारध्याच्या पोराला तर केस सुद्धा लागत नाही, आडनाव पुरतं. १८७१ मध्ये याच इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, पुढे सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट केल्या. तो कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला गेला, पण चोरी झाली की पहिली धाड कुठल्या वस्तीवर पडते हे विचारायला नको. इंग्लंडने स्वतःच्या माणसांसाठी १९७४ ला विसरायचा कायदा केला, आपल्याला देऊन गेले तो लक्षात ठेवायचा, आणि आपण तो अगदी मन लावून पाळतोय.

बरं, आपल्याकडे कुणी काहीच करत नाही असंही नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत औंध संस्थानाच्या काळापासून आहे, कैदी कुटुंबासकट राहतात, शेती करतात. येरवड्यात २०२२ ला राज्य सहकारी बँकेने "जिव्हाळा" नावाने कैद्यांना पन्नास हजारांपर्यंत कर्ज द्यायची योजना काढली, सात टक्के व्याजाने, आतल्या मजुरीतून हप्ते. कैद्यांनी बनवलेल्या खुर्च्या आणि सतरंज्या घ्यायला पुणेकर आवडीने जातात. आतमध्ये असेपर्यंत सगळ्यांना कौतुक. तोच सुतार सुटून आल्यावर सोसायटीत कपाट दुरुस्त करायला आला की आधार कार्डाचा फोटो काढा, व्हेरिफिकेशन करा.

एमपीएससीवाल्या मुद्द्याला मी टाळत नाहीये. पोरं खरंच अडकलीत, जागा निघत नाहीत, चिडणं बरोबर आहे. पण रात्रपाळीच्या वॉचमनची बारा तासांची ड्युटी त्या पोरांपैकी एकाने तरी मागितली होती का? ते काका बोलत होते एका रांगेबद्दल आणि माणूस उभा होता दुसऱ्याच रांगेत. बाहेर काढून त्याला पाठवायचं कुठे, याचं उत्तर ग्रुपवर एकानेही दिलं नाही.

मला टिम्पसन नको, मंत्री पण नको. चारित्र्य दाखल्यावर दोन गोष्टी आल्या तरी पुरे. एक, केसचा निकाल काय लागला ते तिथेच लिहा, आणि निर्दोष सुटला असेल तर ती केस दाखल्यावर छापूच नका. दुसरं, किरकोळ गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला एक मुदत द्या, तीन वर्षं म्हणा, पाच म्हणा, त्यानंतर साध्या नोकरीसाठी कोरा दाखला. दुसऱ्याला कायदा लागेल, तिथे विधानसभेत भांडणं होतील, होऊ देत. पहिलीसाठी फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा आणि पोलीस स्टेशनमध्ये कोर्टाचा निकाल वेळेवर पोचवायचा, एवढंच काम आहे, आणि ते गृहखात्याला एका शासन निर्णयात करता येईल असं मला वाटतं.