तोंडाचं माप

शिंपी माणसाच्या छातीचं माप घेतो, कमरेचं घेतो, मांडीचंही घेतो. तोंडाचं मात्र कधीच घेत नाही. ही जमात किती शहाणी आहे ते मला २०२० सालच्या एप्रिलमध्ये कळलं.

त्या महिन्याच्या ४ तारखेला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने घरी शिवलेला मास्क वापरा म्हणून सांगितलं, ८ तारखेला मुंबई महापालिकेने मास्क सक्तीचाच केला, आणि डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये या दोन्ही बातम्या मिळून "दुसऱ्या मजल्यावर मशीन आहे" एवढीच बातमी पोचली. मशीन सासूबाईंचं, पायाचं. कित्येक वर्षं त्याचा उपयोग इस्त्रीला जायचे कपडे ठेवायला होत होता. तेल घातलं, पट्टा बदलला, बॉबिन भरली आणि सरकारी पुस्तिका उघडली. मोठ्यांसाठी नऊ इंच बाय पाच, लहानांसाठी सात बाय पाच. सुती कापड, दुहेरी. तीन चुण्या, कडेला पट्टी, बांधायला नाड्या. म्हणजे रुमालच की! शाळेत शिवणाच्या तासाला रुमालावर टीप मारून मी पास झालेले आहे.

पहिला प्रश्न कापडाचा. तो आला की महाराष्ट्रातली कुठलीही बाई ब्लाउज पीसच्या गठ्ठ्याकडे वळते. आमच्याकडे तो कपाटाच्या वरच्या खणात आहे आणि खाली पडू नये म्हणून दाराला सुतळी बांधलेली आहे. ओटीत आलेले, मुंजीत आलेले, कुणीतरी दिलेले आणि पुन्हा कुणाला तरी द्यायचे राहून गेलेले. सासूबाई एकेक उलगडून माझ्या हातात देत आणि लगेच काढून घेत.

"हा नको, हा माझ्या मावसबहिणीने दिलाय."

"मग हा घेऊ?"

"हा तिच्या जावेने. घे. नाहीतरी रंग जातोच."

अशा रीतीने आमचे मास्क सासूबाईंच्या माहेरच्या भावबंदकीनुसार बेतले गेले. ज्यांनी मानपानात हात आखडता घेतला होता त्यांचे पीस आधी कापले. त्यातले बरेचसे सुती नव्हतेच, चमचम करणारे होते. त्यातून श्वास घेता येईना. शेवटी अस्तराला जुनी मऊ धोतरं आणि वरून टू बाय टू रुबिया, यावर तडजोड झाली.

दुसरा प्रश्न इलॅस्टिकचा. नाड्या कुणालाच नको होत्या, सगळ्यांना कानात अडकवायचं हवं होतं आणि दुकानं बंद. त्या दिवसांत इलॅस्टिकच्या शोधात मी घरात जिथे जिथे हात घातला ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की अप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, एका पायजम्यात पांढऱ्यावर निळी रेघ असलेलं रुंद, खणखणीत इलॅस्टिक होतं आणि तो पायजमा ते फारसा घालत नसत. रुंद इलॅस्टिक उभं चिरलं की कडेने तंतू सुटतात. पण मधला भाग टिकतो आणि एका कमरेत बरेच कान निघतात.

पहिलं गिऱ्हाईक अप्पाच. त्यांना चष्मा आहे आणि कानाचं मशीनही आहे. मास्क लावला की श्वास वरून सुटून चष्म्यावर धुकं धरायचं. त्यासाठी नाकावर तार हवी. पावाच्या पिशवीला असते ती तार एका धुण्यात मोडली, फायलीतली पत्र्याची पट्टी गंजून नाकावर तपकिरी रेघ उठली, शेवटी जुन्या वायरमधली तांब्याची तार दुहेरी करून, टोकं आत वळवून नेफ्यात ओवली. धुकं गेलं. आता कान. कानामागे आधीच चष्म्याची दांडी आणि मशीनची नळी, त्यात इलॅस्टिक. अप्पा खाली भाजीच्या गाडीवर गेले आणि सुटे पैसे मोजताना, सवयीने, नीट दिसावं म्हणून त्यांनी मास्क खेचून काढला. (पैसे मोजताना तोंड उघडं का लागतं हे मला अजून कळलेलं नाही.) इलॅस्टिकबरोबर कानाचं मशीनही उडालं. भाजीवाला, मी आणि वॉचमन वाकून शोधत होतो. तेवढ्यात मेथीच्या एका जुडीतून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. पाल्यात दबलं की ते मशीन शिट्टी मारतं. आम्हा तिघांना ती स्पष्ट ऐकू येत होती; ज्यांची वस्तू होती त्यांनाच तेवढी ऐकू येत नव्हती.

म्हणून त्यांच्यापुरतं इलॅस्टिक बाद करून डोक्यामागे बांधायच्या नाड्या लावल्या. पण अप्पांचा खांदा आखडलेला, हात मागे जात नाही. तेव्हा नाड्या बांधायचं काम सासूबाईंकडे आलं. दोघांचं सूत बरं असलं की सुरगाठ आणि सकाळी काही बोलाचाली झाली असली की निरगाठ. निरगाठीच्या दिवशी अप्पा चहासाठी पुढ्यात येऊन मुकाट उभे राहत.

खऱ्या शिंप्याचा हेवा मला याच काळात वाटायला लागला. त्याच्याकडे "मंगळवारी या" हे एक वाक्य असतं आणि ते म्हणून झालं की शटर ओढून घरी जायची सोय असते. मी कुठे जाणार? अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होतं की मी घरात आहे. कोण कशाला मंगळवारची वाट बघेल? बेल वाजायची, दारात कुणीतरी दोन हात लांब उभं राहून, तोंडावरचा मास्क पुढे ओढून दाखवत म्हणायचं, "इथे जरा टोचतंय."

चिरंजीवांचं प्रकरण वेगळं. सलून बंद पडली तशी त्याने दाढी राखली. राखली म्हणजे, ती वाढली आणि त्याने तिला धोरण हे नाव दिलं. दाढीवर मास्क बसत नाही. केस त्याला वर ढकलतात, खालून वारा शिरतो आणि मास्क डोळ्यांच्या दिशेने निघतो. पाच इंचांचे साडेसहा केले, हनुवटीखाली डार्ट घालून झोळ काढला. पंधरवड्याने तोही अपुरा. वाढत्या अंगाच्या मुलांचे कपडे मापाला मोठे शिवतात हे माहीत होतं. वाढत्या दाढीचं गणित कुठल्याच पुस्तकात नाही. जूनच्या २८ तारखेपासून राज्य सरकारने सलून उघडायला परवानगी दिली तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकणार होते, तर बातमीत पुढे लिहिलेलं: फक्त केस कापता येतील, दाढी नाही. डोकं लहान झालं, तोंड तेवढंच राहिलं.

अप्पांची बहीण, म्हणजे आमच्या आत्या, खालच्या मजल्यावर राहतात. त्यांची तक्रार होती की चमकीत धागा अडकतो. चुण्यांऐवजी मध्ये शिवण घेऊन नाकासमोर पोकळी राहील असा मास्क शिवला. अडकायचं थांबलं. दोन दिवसांनी वर आल्या.

"अगं, बाकी सगळं छान आहे. पण चमकी दिसत नाही."

"आत्या, मास्क आहे तो."

"हो, पण हिऱ्याची आहे ना!"

मग बाहेरून, साधारण त्याच जागी, एक चमकता खडा टाकला. त्यावरून पुढे नथ सुचणं ओघानंच आलं. पन्नास माणसांत उरकायच्या एका लग्नासाठी त्यांनी पैठणीच्या काठाचा मास्क आणि त्यावर डाव्या बाजूला मोत्यांची नथ अशी ऑर्डर दिली. मोती मी हाताने ओवून बसवले, तुरपाई केली, आत मऊ धोतर लावलं. लग्नाचे फोटो आले. सगळ्यांनी फोटोपुरते मास्क काढले होते. आत्यांच्या हातात नथ दिसत होती.

पण खरी परीक्षा सेक्रेटरींनी घेतली. त्यांना पान लागतं आणि बोलायला लागतं आणि दोन्ही एकाच वेळी. त्यांची मागणी होती की मास्कला बाजूने चेन लावून द्यावी. मी नाही म्हटलं. मग ते मास्क हनुवटीवर घालायला लागले. अप्पांनी एकदा त्यांना जिन्यात गाठलं आणि फोनवर वाचलेलं सगळं ऐकवलं: १९१०-११ साली मांचुरियात फुफ्फुसाचा प्लेग आला, तेव्हा पेनांगमध्ये जन्मलेल्या वू लिएन-टे नावाच्या तरुण डॉक्टरने जाळीच्या कापडात कापूस घालून मास्क बनवले आणि सगळ्यांना लावायला सांगितले. एक ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर मेनी यांना ते पटलं नाही. ते मास्कशिवायच रुग्ण तपासायला गेले.

"मग?" सेक्रेटरी.

"थोड्याच दिवसांत प्लेगने गेले."

मास्क हनुवटीवरून नाकापर्यंत चढला. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत पुन्हा उतरलेला होता.

त्यांना वठणीवर आणलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने. तिला ऐकायला फार कमी येतं, ती ओठ वाचते. मास्क आले आणि तिच्यासाठी बिल्डिंग एकदम मुकी झाली. तिच्यासाठी प्लॅस्टिकची खिडकी असलेला मास्क शिवून द्यावा म्हणून मी माप घ्यायला गेले, तर तिने माझ्याकडे बघितलं आणि फोनवर टाइप करून दाखवलं: "मला कशाला? तुम्ही सगळ्यांनी घाला."

बरोबरच होतं. एका मुलीसाठी तिची आई, वॉचमन, भाजीवाला, सेक्रेटरी आणि आमच्या घरचे अशा सगळ्यांची तोंडं शिवायला बसले. साडीच्या कव्हरचं प्लॅस्टिक बोलताना कुरकुरतं, फायलीचं कव्हर बरं. टाके बारीक घातले तर सुईची भोकं एकापुढे एक पडून टिपेवरूनच फाटतं, म्हणून टाका लांब ठेवायचा. आतून वाफ धरते, तर भांड्यांच्या साबणाचं बोट फिरवून कोरडं पुसायचं. इस्त्री लावायची नाही. लावली तर काय होतं ते इस्त्रीकडे बघून आजही कळतं.

खिडकीतून सेक्रेटरींचे दात पहिल्यांदाच चौकटीत दिसले. मुलगी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची, कारण तिला बघावंच लागायचं. आठवडाभरात पान सुटलं. इतकी वर्षं त्यांच्या बायकोला जे जमलं नव्हतं ते फायलीच्या कव्हराने केलं. उलट सासूबाईंनी मात्र त्यांची खिडकी परत केली. त्यांना पुटपुटायची सवय आहे, आवाज न काढता. ती मुलगी एकदा आमच्याकडे आली असताना हसायला लागली आणि तिने मला टाइप करून दाखवलं: "आजी म्हणतात, शिवण कुठे येतंय हिला, टीप बघा कशी वाकडी." तेव्हापासून आमच्या घरात बंद मास्कच.

जूनच्या ५ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने कापडी मास्कला तीन थर असावेत असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सगळी बिल्डिंग दोन थरांचे मास्क घेऊन दारात. मधला थर न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा हवा. म्हणजे साडीच्या दुकानातून मिळते ती कापडासारखी दिसणारी पिशवी. पिशव्या भरपूर होत्या, पण त्यांच्यावर छापलेलं होतं. रुबिया पातळ. ऊन समोरून आलं की आत्यांच्या तोंडावर लाल अक्षरांत "लग्नाचा बस्ता" असं वाचता येई.

२०२२च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. त्या आठवड्यात लोकांनी मास्क धुऊन, घडी घालून मला परत आणून दिले, जणू मी ते वाचनालयातून दिले होते. सेक्रेटरी स्वतः आले. अप्पा पेपर वाचत बसले होते. त्यांनी सेक्रेटरींच्या हातातला मास्क घेतला, उलटा केला, चष्मा वर सारून इलॅस्टिक जवळून बघितलं. पांढऱ्यावर निळी रेघ. दोन बोटांत धरून ताणलं, सोडलं. अजून खणखणीत होतं.

"हे माझं," ते म्हणाले, आणि कात्री आणायला उठले.