अँटिबायोटिकनंतरच्या जुलाबाने ‘विष बाहेर पडतं’ असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने एक मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतोय. माझ्या औषधाच्या दुकानात लोक मोबाईल पुढे करून त्याप्रमाणे गोळ्या मागतात. मेसेज थोडक्यात असा: अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर जुलाब लागले तर घाबरू नका, औषधाचं विष आणि उष्णता बाहेर पडते आहे. डॉक्टरकडे जाऊ नका, ते पुन्हा अँटिबायोटिकच देतील. जुलाब थांबायच्या दोन गोळ्या घ्या, रोज वाटीभर दही किंवा प्रोबायोटिकची (चांगल्या जंतूंची) कॅप्सूल घ्या, आठवड्यात आतडं पूर्ववत होतं. आणि हे काही लागट दुखणं नव्हे, घरच्यांनी सॅनिटायझर वापरला तरी पुरे.

‘घाबरू नका’ एवढं बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटसारख्या गोळ्यांनी पुष्कळांचं पोट ढिलं होतं आणि औषध संपलं की दोन-चार दिवसांत आपसूक ताळ्यावर येतं. पण यातल्या काही जणांना वेगळाच आजार झालेला असतो, आणि मेसेज नेमका त्यांच्या जिवावर उठतो.

त्या आजाराचा जंतू म्हणजे क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल, बोलताना सी-डिफ. १९३५ साली तो नवजात बाळांच्या शौचात सापडला, पण त्या बाळांना त्याचा काही त्रास नव्हता. पुढे सत्तरच्या दशकात क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांच्या मोठ्या आतड्याला गंभीर सूज येऊ लागली, आणि १९७८ मध्ये त्यामागे हाच जंतू असल्याचं सिद्ध झालं. एरवी आतड्यातले इतर कोट्यवधी जंतू त्याला जागा मिळू देत नाहीत. अँटिबायोटिकने ते मारले गेले की त्याचं फावतं. तो वाढतो आणि दोन प्रकारची विषं सोडतो, ती मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर जाळतात. म्हणजे मेसेज ज्या जुलाबांना विष बाहेर पडण्याची खूण म्हणतो, त्या वेळी पोटात विष तयार होत असतं.

क्लिंडामायसिन, सेफिक्झिमसारखी सेफॅलोस्पोरिन्स, सिप्रोफ्लॉक्सासिन-लेव्होफ्लॉक्सासिनचा गट आणि वर सांगितलेलं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट यांनी हा धोका जास्त वाढतो. आजार कोर्स चालू असतानाच सुरू होईल असंही नाही. कोर्स संपल्यावर पहिला महिना सर्वांत जोखमीचा, आणि तीन महिन्यांपर्यंत शक्यता राहते. गणपतीत छातीच्या कफासाठी घेतलेल्या गोळ्यांचा संबंध दसऱ्याच्या जुलाबाशी कुणी जोडत नाही. म्हणून डॉक्टरांना तो स्वतःहून सांगावा लागतो. वय पासष्टच्या पुढे, नुकताच दवाखान्यात मुक्काम, रोजची ‘गॅसची गोळी’ (पँटोप्राझोल वगैरे) असेल तर विशेष करून. दिवसाला तीन किंवा अधिक वेळा पाण्यासारखी शौचाला, खालच्या पोटात कळा, ताप असं असेल तर सी-डिफची तपासणी करून घ्या. ही तपासणी वेगळी लिहावी लागते. लॅबमध्ये नुसती ‘स्टूल रूटीन’ केली तर त्यात हा जंतू दिसत नाही, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून लोक निर्धास्त होतात.

आता ‘डॉक्टर पुन्हा अँटिबायोटिकच देतील’ हा मुद्दा. हो, देतील, आणि तेच बरोबर आहे. आधी ज्या औषधाने हे घडलं ते शक्य असेल तर डॉक्टर बंद करतात. मग व्हँकोमायसिन पोटातून देतात, साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, दहा दिवस. तोंडावाटे घेतलेलं व्हँकोमायसिन रक्तात जवळजवळ शोषलं जात नाही, ते आतड्यातच राहतं, आणि इथे तेच हवं असतं. शिरेतून दिलं तर आतड्यात पुरेसं पोचत नाही. त्याच्या कॅप्सूल प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, म्हणून पुष्कळदा इंजेक्शनच्या बाटलीतली पावडर पाण्यात कालवून पाजतात. परवाच एक ताई बाटली हातात घेऊन घाबऱ्याघुबऱ्या आल्या. ‘दादा, लेबलवर इंजेक्शन लिहिलंय आणि सिस्टर म्हणतात सासूबाईंना पाजा. चुकून भलतंच तर दिलं नाही ना?’ चुकलेलं काही नव्हतं. अशी शंका मनात ठेवून डोस टाळण्यापेक्षा त्यांनी विचारलं, हे फार बरं झालं.

फिडाक्सोमायसिन हे दुसरं औषध, त्यानंतर आजार उलटण्याचं प्रमाण कमी असतं. मेट्रोनिडाझोल पूर्वी सर्रास पहिलं दिलं जायचं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी त्याला मागे टाकलं. हे सगळं ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. पण मेसेज वाचून डॉक्टरांना टाळणारा माणूस दुकानात येऊन काय मागतो? नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची पट्टी, चिठ्ठीशिवाय. नॉरफ्लॉक्सासिन हे सिप्रोफ्लॉक्सासिनच्याच गटातलं. आतड्यातले उरलेसुरले चांगले जंतूही त्याने मरतात. मी ती देत नाही, माझ्या धंद्यातल्या कुणीच देऊ नये.

जुलाब थांबवायची गोळी, म्हणजे लोपेरामाइड, तपासणी आणि उपचार सुरू होण्याआधी स्वतःच्या मनाने अजिबात नको. आतड्याची हालचाल मंदावते आणि विष आतच साचून राहतं. पोट फुगून टणक झालं आणि जुलाब एकाएकी थांबले तर ती बरं होण्याची खूण समजू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. तोवर घरी करायचं ते ओआरएस. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या हजारो रुग्णांना याच मीठ-साखरेच्या पाण्याने वाचवलं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

दह्याबद्दल माझी तक्रार नाही. भात-ताक, मऊ पेज, केळं हे या दिवसांतलं उत्तम खाणं आहे, आणि आतडं सोलवटलेलं असताना दुधापेक्षा दही सोसतं. पण ते औषध नव्हे. ब्रिटनमध्ये पासष्टीपुढच्या, अँटिबायोटिक चालू असलेल्या सुमारे तीन हजार रुग्णांवर प्रोबायोटिकची चाचणी झाली. २०१३ मध्ये निकाल आला, तेव्हा सी-डिफ टाळण्यात काही फायदा दिसला नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ मध्ये त्याहून वेगळी गोष्ट दाखवली: अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या आतड्यात मूळचे जंतू परतायला उलट उशीर लागला. महागड्या कॅप्सूलच्या पैशात सी-डिफची तपासणी होत असेल तर आधी तपासणी करा.

‘आठवड्यात पूर्ववत’ या वाक्याने रुग्णांचं सर्वांत जास्त नुकसान होतं, कारण आठव्या दिवशी पोट जागेवर नसलं की त्यांना वाटतं आपलंच काही चुकलं. उपचाराने जुलाब बहुधा काही दिवसांत आटोक्यात येतात, पण जंतूचे बीजाणू (कडक कवचातली त्याची सुप्त रूपं) आतड्यात उरतात. साधारण सहांतल्या एकाला दोन ते आठ आठवड्यांत आजार उलटतो, आणि एकदा उलटला की पुन्हा उलटण्याची शक्यता आणखी वाढते. शिवाय आजार गेल्यावरही कित्येकांना महिनोन्‌महिने जेवणानंतर घाई होते, पोटात गुरगुर, कधी ढिलं कधी घट्ट. हा उलटलेला आजार नसतो, आतडं अजून हळवं असतं. परत पाण्यासारखे जुलाब, रात्री झोपेतून उठवणारे, ताप, असं झालं तरच पुन्हा तपासणी. बरं वाटत असताना ‘खात्रीसाठी’ करू नका, बरं झाल्यावरही ती आठवडेच्या आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते आणि नसत्या औषधाला निमित्त मिळतं.

वारंवार उलटणाऱ्यांसाठी निरोगी माणसाच्या शौचातले जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपाय आहे. ऐकून किळस येते, पण १९५८ पासून डॉक्टर तो करत आले आहेत. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत एकाच वेळच्या उपचाराने १६ पैकी १३ जण बरे झाले, नुसत्या व्हँकोमायसिनने १३ पैकी ४. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये अशा तयार औषधांना मान्यताही मिळाली. दात्याच्या कडक तपासण्या कराव्या लागतात, त्यामुळे यूट्यूब बघून घरी एनिमा देण्याचा विचारही करू नका.

राहिला सॅनिटायझर. हे दुखणं लागट आहे, आणि या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी रुग्णाने आणि घरच्यांनीही साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुवायचे. संडासाचं भांडं, नळाची तोटी, दाराची कडी ब्लीचच्या पाण्याने पुसायची. शक्य असेल तर जुलाब थांबेपर्यंत रुग्णाचा संडास वेगळा ठेवायचा. आणि औषधांच्या फाईलवर पहिल्याच पानावर ‘सी-डिफ होऊन गेलं आहे’ असं महिना-सालासकट लिहून ठेवा. पुढे दाढ काढायला गेलात की डेंटिस्टने अँटिबायोटिक लिहिण्याआधी ते पान त्यांच्यापुढे ठेवा.