वेली गुलाब, क्लेमॅटिस आणि मुंबईची हवा: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बागप्रेमींच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. सोबत विटांच्या भिंतीवर चढलेला फिकट गुलाबी गुलाब आणि त्यातून डोकावणारी क्लेमॅटिस या वेलीची जांभळी, बशीएवढी फुले यांचे छायाचित्र असते. मजकुराचा सारांश असा: ही जोडी परदेशात पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध झालेली असल्यामुळे मुंबईच्या बाल्कनीतही सहज जमते, दोन्ही रोपे एकाच मोठ्या कुंडीत लावावीत, गुलाबाच्या सावलीमुळे क्लेमॅटिसची मुळे थंड राहतात, दोघे एकमेकांना रोगांपासून वाचवतात, महिन्यातून एकदा एप्सम सॉल्ट घातले की बाराही महिने फुले येतात, आणि रोप विकत मिळाले नाही, तर बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून देशी क्लेमॅटिस, म्हणजे मोरवेल, उपटून आणावी. हे शेवटचे वाक्य वाचल्यावर गप्प बसणे जमले नाही, म्हणून हा खटाटोप.

जोडी परदेशात सिद्ध झालेली आहे, यात वाद नाही. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील सिसिंगहर्स्टच्या बागेत गुलाब आणि क्लेमॅटिस शेजारी नांदताना दिसतात, आणि ‘जॅकमनाय’ हा आजही सर्वांत ओळखीचा असलेला जांभळा संकर वोकिंगच्या जॅकमन नर्सरीत १८६२ मध्ये पहिल्यांदा फुलला. मात्र या संकराचे आईबाप कोण, हे संदेश लिहिणाऱ्याने पाहिलेले दिसत नाही. त्यातली एक जात रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पती-संग्राहकाने १८५० मध्ये पूर्व चीनमधून इंग्लंडात नेलेली, तर दुसरी दक्षिण युरोपातली. दोन्ही ठिकाणी हिवाळ्यात पाने गळतात, वेल काही महिने झोपी जाते आणि साठवलेल्या शक्तीवर वसंतात पुन्हा फुटते. मोठ्या फुलांच्या बहुतेक संकरांना ही झोप लागतेच. सांताक्रूझला आजवर नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे, तेही २२ जानेवारी १९६२ रोजीचे. म्हणजे मुंबई ज्या रात्री सर्वांत जास्त गारठली, ती रात्र इंग्लंडच्या जानेवारीत कोणी लक्षातही ठेवली नसती. एरवी आपल्या जानेवारीतल्या पहाटा १६-१७ अंशांच्या आसपास असतात. अशा हवेत वेल झोपतही नाही आणि धड जागीही राहत नाही. बारीक, फिकट फुटवे काढत राहते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी संपते.

थंडीपेक्षाही मोठा फरक पावसाचा आहे. लंडनला अख्ख्या वर्षात साधारण ६०० मिलीमीटर पाऊस पडतो; मुंबईत एकट्या जुलै महिन्याची सरासरी त्याहून जास्त आहे. मी स्वतः थंड हवेच्या ठिकाणच्या एका रोपवाटिकेतून क्लेमॅटिसचे रोप आणले होते. पहिल्या हिवाळ्यात त्याला चार फुले आली, आणि ती पाहायला मजल्यावरची सगळी बिऱ्हाडे येऊन गेली, हे कबूल करतो. दुसऱ्या जुलैत एका सकाळी वरची हातभर वेल माना टाकून उभी होती. माती ओलीगच्च असल्यामुळे पाण्याची कमतरता नव्हती हे उघडच होते. कुंडी उपडी केली तेव्हा आंबट वास आला, आणि मूळ चिमटीत धरून ओढल्यावर त्याची तपकिरी साल मोज्यासारखी निघून हातात आली, आत फक्त दोऱ्यासारखी शीर उरली. मूळकूज म्हणजे काय, ते त्या दिवशी पुस्तकाबाहेर कळले.

मुळे सावलीत ठेवण्याचा सल्ला मुळात चुकीचा नाही. क्लेमॅटिसचे डोके उन्हात आणि पाय सावलीत असावेत, असे तिकडचे माळी म्हणतात. पण ते सांगतात जमिनीत लावलेल्या वेलीबद्दल, जिथे वीतभर खाली माती गार असते. बाल्कनीतल्या कुंडीला ऊन वरून कमी आणि कडेने जास्त लागते, शिवाय मागची भिंत दिवसभर तापून रात्री ती उष्णता परत करते. मे महिन्यात मुंबईत रात्रीचे किमान तापमानही २७ अंशांच्या घरात असते. पश्चिमेच्या ग्रिलमधल्या कुंडीत रात्री नऊ वाजता बोट खुपसून पाहावे, माती कोमट लागते. गुलाबाची पाने ऊन अडवतील. रात्रीच गार होत नसेल, तर त्याला गुलाब काय करणार?

एका कुंडीचा सल्ला मात्र मला सर्वांत घातक वाटतो. दोन्ही झाडे खादाड आहेत. जमिनीतसुद्धा क्लेमॅटिस गुलाबाच्या बुंध्यापासून किमान दीड-दोन फूट दूर लावतात आणि मग वेल काठीच्या आधाराने गुलाबाकडे वळवतात. लावण्याची खोलीही वेगळी: क्लेमॅटिसचा बुंधा दोन-तीन इंच मातीखाली पुरतात, म्हणजे वरची वेल मेली तरी खालच्या डोळ्यांतून नवा फुटवा येतो, आपल्याकडे कलमी गुलाबाचा जोड मात्र मातीच्या वर ठेवावा लागतो, नाहीतर पावसात तो कुजतो आणि खालच्या रानटी खुंटाला जोर येतो. एकाच कुंडीत एकाच पातळीवर दोन्ही बसवले, की एकाचे तरी चुकतेच.

त्याहून अवघड प्रश्न छाटणीचा आहे. वेली गुलाब स्वतःहून कशालाही वेढा घालत नाही. त्याच्या काठ्या, म्हणजे लांब मुख्य फांद्या, आडव्या वाकवून जाळीला बांधाव्या लागतात, कारण काठी आडवी झाली की शेंड्याचा वरचष्मा संपतो आणि प्रत्येक डोळ्यातून फुलाची फांदी निघते. महाराष्ट्रात गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात होते. वेली गुलाबाच्या मुख्य काठ्या राखून बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर छाटतात आणि साधारण दीड महिन्यात फुले येतात. क्लेमॅटिसची पकड निराळी आहे: पानाचा देठच वळून आधाराला विळखा घालतो, तोही पेन्सिलीइतक्या जाडीपर्यंतच. असे शेकडो विळखे पडलेल्या काठ्या सोडवून पुन्हा बांधायच्या म्हणजे क्लेमॅटिसचे काचेसारखे ठिसूळ देठ हमखास तुटणार. तिकडे वेळापत्रक जुळते, कारण उशिरा फुलणाऱ्या क्लेमॅटिस हिवाळा सरताना फूटभर ठेवून सरळ कापून टाकतात आणि गुलाब मोकळा होतो. आपल्या ऑक्टोबराशी त्या हिशेबाचा काही संबंध नाही.

रोगांबद्दलचे विधान कुठून आले, हे कोडेच आहे. गुलाबाच्या पानांवरचे काळे ठिपके ज्या बुरशीने पडतात ती गुलाबावरच जगते, आणि क्लेमॅटिसची मर, म्हणजे वेल अचानक सुकणे, ज्या बुरशीने येते तिला गुलाबात रस नाही. ‘एकाचा रोग दुसऱ्याला लागत नाही’ या खऱ्या वाक्याचे पुढे पाठवता पाठवता ‘एकमेकांना वाचवतात’ झाले असावे. वस्तुस्थिती उलट आहे. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान सलग काही तास ओले राहावे लागते, आणि गुलाबावर दुसऱ्या वेलीची गोधडी घातली की वारा अडून पान वाळायला आणखी उशीर होतो. उन्हाळ्यात लाल कोळी ही कीड दोघांवरही सारखीच मेजवानी करते, हेही सांगून टाकतो.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मातीत मॅग्नेशियम कमी असेल तर त्याचा उपयोग होतो, नसेल तर कुंडीत नुसते क्षार साचतात. बाराही महिने फुलांचे आश्वासन यावर उभे असेल, तर अधिक बोलायला नको.

आता मोरवेल. ती क्लेमॅटिसच्या कुळातली आहे आणि सह्याद्रीत आपसूक वाढते, हे संदेशाने बरोबर सांगितले. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आगेमागे आणि नंतरही, झुडपांवर पसरलेले तिचे पांढुरके झुपके घाटातून जाताना दिसतात, आणि पुढे बियांना पिसासारख्या शेपट्या फुटतात तेव्हा ती फुलांपेक्षाही देखणी दिसते. पण फूल नखाएवढे असते, छायाचित्रातल्या बशीएवढे नव्हे. वेल इतकी जोरकस असते की बाल्कनीतला गुलाब एका पावसात तिच्याखाली दिसेनासा होईल. ती फुलते नेमकी तेव्हा, जेव्हा गुलाबाला कात्री लावायची असते. तिच्या ठेचलेल्या पानांचा रस कातडीला लागला तर आग होते, फोडही येतात; घरात रांगते मूल असेल तर हे आधी माहीत असलेले बरे. आणि राष्ट्रीय उद्यानातून रोप उपटून आणणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. मी बोरिवलीत राहतो. रविवारी पार्कातून परतणाऱ्यांच्या पिशव्यांतून डोकावणारी पाने पाहिली की संताप येतो, कारण असे उपटलेले मूळ बहुधा सोमवारपर्यंतही टिकत नाही. मोरवेल हवीच असेल, तर देशी झाडांची रोपे करणाऱ्या नर्सरीत विचारावे आणि ती सोसायटीच्या कुंपणावर, जमिनीत लावावी.

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘सप्तरंगी क्लेमॅटिस’च्या बियांबद्दलही थोडे सांगतो. संकराच्या बीतून आईसारखे फूल येत नाही, आणि मोठ्या फुलांच्या जातींचे बी रुजायला कित्येक महिने घेते. मी मागवलेले बी चौथ्या दिवशी उगवले तेव्हाच शंका यायला हवी होती. महिन्याभरात हृदयाच्या आकाराची पाने आली आणि मग निळी गारवेल फुलली. आमच्या माळीकाकांनी ती पाहून फक्त विचारले, “केवढ्याला पडली?”

गुलाबातून निळे-जांभळे फूल डोकावावे, ही हौस मात्र मला मनापासून पटते, आणि ती गोकर्णाने भागते. गोकर्णाची वेल सुतळीइतकी बारीक असते, गुलाबावर तिचे ओझे होत नाही आणि कात्री ती आनंदाने सोसते. माझ्याकडे ती वेगळ्या कुंडीत, गुलाबापासून दीड फुटावर आहे. ऑक्टोबरात गुलाब छाटून, काठ्या बांधून झाल्या की तिचे दोन-तीनच शेंडे तिकडे वळवतो आणि बाकीचे खुडतो. हिवाळाभर गुलाबी आणि निळे एकत्र फुलते. मेच्या अखेरीस, पहिल्या सरीच्या आधी, गोकर्ण वीतभर ठेवून कापतो, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने गुलाबाला वारा मोकळा मिळतो. त्या महिन्यांत पुन्हा फुटलेली गोकर्ण ग्रिलच्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या सुतळीवर चढलेली असते आणि रोज सकाळी शेजारच्या आजी पूजेसाठी तिची फुले मोजून नेतात.