अकरावं वचन आणि त्याच्या आधीचं दहावं

हे आजारी होते त्या चौदा महिन्यांत माझ्या मोबाइलवर बायबलमधलं एकच वचन पुन्हा पुन्हा येत राहिलं. यिर्मयाच्या पुस्तकातलं, २९:११. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. पाठवणाऱ्यांची माया खरी होती, त्याबद्दल शंका नाही. पण रात्री दोन वाजता ह्यांना धाप लागायची, एका हाताने पाठ चोळत दुसऱ्या हाताने मी मोबाइल बघायची, आणि ते वाचून आत काही म्हणजे काही हलायचं नाही. मग अपराधी वाटायचं. माझाच विश्वास कमी पडतोय की काय?

एका रात्री अख्खा अध्याय उघडला. अकरावं वचन लहानपणापासून तोंडपाठ, पण आधीची दहा मी कधी धड वाचलीच नव्हती. ते एक पत्र आहे. यरुशलेमेतून यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, धरून नेलेल्या आपल्या लोकांना पाठवलेलं. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगतो, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. आणि इथे दहाव्या वचनात देव म्हणतो, सत्तर वर्षं. सत्तर! म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी कितीतरी जण तिथेच मातीआड होणार होते. त्यांना सांगितलं काय, तर घरं बांधा, त्यांत राहा, मळे लावा, त्यांचं फळ खा.

मी हमसून हमसून रडले. ह्यांना जाग येऊ नये म्हणून पदर तोंडात धरला होता. कुणीतरी पहिल्यांदा माझ्याशी खरं बोललं होतं. डॉक्टर आडून आडून बोलत होते, नातेवाईक 'सगळं ठीक होईल' म्हणत होते, आणि देवाने मुदत लपवली नव्हती. सकाळी उठून मी ह्यांची चादर बदलली, दाढी करून दिली. रोज करत होतेच, पण त्या दिवशी कशाचीही वाट न बघता केली.

तेव्हापासून मला वाटतं, संकटातल्या माणसाला आपण पवित्र शास्त्र फार कापून देतो. स्तोत्र २३ देतो, 'परमेश्वर माझा मेंढपाळ' असा धीर देणारं; ८८ देत नाही. अठरा वचनांचं ते स्तोत्र रात्रंदिवस देवाला हाक मारतं, 'तू माझ्यापासून तोंड का लपवतोस' असं विचारतं, आणि उत्तर न मिळताच संपतं. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. कुणीही त्याला आशेचा शेवट जोडला नाही. शेकडो वर्षं लोकांनी ते तसंच जपलं, प्रार्थना म्हणून. माझ्यासारखीला हे केवढं मोठं घर आहे! मार्था आणि मरीया ह्या बहिणींचा भाऊ लाजर मेला तेव्हा दोघींनीही येशूला तोंडावर सांगितलं, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. त्याने त्यांना झिडकारलं नाही. लाजराला मेलेल्यातून उठवायचं हे ठाऊक असूनही तो आधी रडला.

हे गेले त्याला आता तीन वर्षं होतील.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणाच्या घरी दुःख झालं की मी जाते. आधी नुसती बसते. कुणी 'काहीतरी वाचा' म्हटलं तर स्तोत्र ८८ काढते, सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत वाचते आणि पुस्तक मिटते. मागच्या महिन्यात एक आई म्हणाली, "परत वाचा ना." मी परत वाचलं.